इंधनटाकी : दुरुस्ती की बदल?

उंच गतिरोधक किंवा रस्त्यातील दगड मोटारीच्या तळाला लागतो आणि इंधनटाकीला इजा होते. अशा वेळी टाकी दुरुस्त करावी की नवी बसवावी, असा प्रश्न वाहनमालकापुढे उभा राहतो. दुरुस्ती नेहमीच स्वस्त पडते, हा समज मात्र तपासून पाहावयास हवा.

प्रथम टाकी कशाची आहे, ते पाहावे. पत्र्याच्या टाकीला केवळ पोचा पडला असून गळती नसेल, तर ती सहसा बदलावी लागत नाही. लहानसे छिद्र कुशल कारागीर बुजवू शकतो. परंतु पत्रा आतून गंजलेला असल्यास एक छिद्र बुजवावे तो शेजारी दुसरे पडते. तेथे नवी टाकीच हितावह. अलीकडील बहुतेक मोटारींत टाकी प्लॅस्टिकची असते. तिला चीर गेल्यास वरून दिलेल्या लेपावर विसंबू नये, ती बदलावी.

रिकामी टाकी निर्धोक असते, हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. पेट्रोलची वाफ हवेत अवघी दीड टक्क्याच्या आसपास असली, तरी ठिणगी पडताच स्फोट होतो. म्हणून वाफ पूर्णपणे काढल्याखेरीज टाकीस वेल्डिंग करू देऊ नये.

आता खर्चाचा विचार. गंजामुळे झालेली हानी विम्यात बसत नाही. अपघाती हानी सर्वंकष विम्यात बसते. मात्र प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा वजा होतो. समजा, टाकीची किंमत १२,००० रुपये आहे. घसाऱ्याचे ६,००० आणि लहान मोटारीसाठीची १,००० रुपयांची अनिवार्य वजावट जाता ५,००० रुपये मिळतील. परंतु दावा केल्याने 'नो क्लेम बोनस' जातो. तो ५० टक्के असून स्वतःच्या वाहनाच्या हानीचा मूळ हप्ता ८,००० रुपये असेल, तर पुढील वर्षी ४,००० रुपये जास्त भरावे लागतील. त्यानंतरच्या वर्षी बोनस २० टक्केच मिळेल. म्हणजे आणखी २,४०० रुपये. दोन वर्षांतच दावा तोट्याचा ठरला! शून्य घसारा किंवा बोनस संरक्षण घेतलेले असल्यास हा हिशेब बदलतो.

दावा करावयाचा असल्यास काम सुरू होण्यापूर्वीच विमा कंपनीस कळवावे. कर्जावर घेतलेली मोटार बँकेकडे तारण असते. ती सुस्थितीत राखणे ग्राहक आणि बँक या दोघांच्याही हिताचे आहे.