यात्रेची खूण

म्हैसूर शहरातील संत फिलोमिना कॅथेड्रलची कोनशिला १९३३ साली महाराजा कृष्णराज वडियार (चौथे) यांच्या हस्ते बसविण्यात आली. संत फिलोमिनाचे पवित्र अवशेष तेथील तळघरात जतन केलेले आहेत. दोन उंच मनोऱ्यांची ही वास्तू जर्मनीतील कोलोनच्या कॅथेड्रलवरून बेतली, असे सांगतात. मध्ययुगात कोलोन हे युरोपातील मोठे तीर्थक्षेत्र होते. बाळ येशूच्या दर्शनाला गेलेल्या तीन राजांचे मानले जाणारे अवशेष ११६४ मध्ये तेथे आणले गेले आणि यात्रेकरूंची रीघ लागली.

पंढरपूरहून परतणारा वारकरी बुक्का नि तुळशीची माळ आणतो. कोलोनचा यात्रेकरू तीन राजांची चित्रे असलेले, शिसे व कथील यांचे लहानसे पदक आणीत असे. हे मिश्रण थोड्या आचेवर वितळते. ते दगडी साच्यात ओतले, की पदक तयार! म्हणूनच ते गरिबालाही परवडे. टोपीला किंवा अंगरख्याला लावलेल्या पदकावरून यात्रेकरू कोठून आला, हे वाटेतल्या लोकांना कळे. सांतियागोची खूण शिंपला, तर रोमची किल्ल्या. इंग्लंडमधील कँटरबरीला थॉमस बेकेट या धर्मगुरूची ११७० मध्ये हत्या झाली; तेथून लोक तीर्थाने भरलेली शिशाची कुपी आणीत.

पदक म्हणजे नुसती आठवण नव्हे. ते अवशेषांना टेकविले, की त्यांचे सामर्थ्य त्यात उतरते, अशी श्रद्धा होती. जर्मनीतील आखेनला गर्दीमुळे जवळ जाणेच अशक्य होई. मग लोक लहान आरसा उंच धरून अवशेषांचे तेज त्यात साठवू पाहत. १४३९ च्या यात्रेसाठी असे आरसे बनविण्याचा धंदा योहान गुटेनबर्ग याने भागीदारीत मांडला होता. यात्रा वर्षभर पुढे गेली. त्यातच एक भागीदार वारला आणि त्याच्या भावांनी दावा लावला. पुढे मुद्रणकलेमुळे अजरामर झालेल्या या माणसाची ही हकिगत आपल्याला कळते, ती त्या दाव्याच्या कागदांमुळेच.

पदके मात्र नदीने राखली. लंडनच्या थेम्स नदीच्या गाळात हवा पोहोचत नाही. त्यामुळे तेथे ती शेकडोंनी टिकली. ज्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत, असे साधे लोक किती दूर चालत गेले, हे त्यांवरून समजते. सुखरूप परतल्यावर ती मुद्दामच नदीत टाकली जात असावीत, असे काही अभ्यासक मानतात. नदी ओलांडताना पाण्यात नाणे टाकणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही.