सुईची नशा: काय करावे, काय टाळावे

कन्हान नदीकाठच्या खाप्यासारख्या गावात घरातली गोष्ट चौकात जायला वेळ लागत नाही. म्हणून सुईने नशा करणारा मुलगा लपवला जातो आणि उपचार राहून जातात. नशा सुटायला वेळ लागेल. तोवर एचआयव्ही, हिपॅटायटिस आणि ओव्हरडोस यांपासून त्याला वाचवणे आपल्या हातात आहे. नव्या सुया आणि पर्यायी औषध (ओएसटी) देण्याच्या या कामाला २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचे संरक्षण आहे.

काय करावे

- जवळचे सुई-सिरिंज केंद्र आणि ओएसटी केंद्र कुठे आहे, हे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) १०९७ या हेल्पलाइनवर विचारावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे.
- दर वेळी नवी सुई, नवी सिरिंज वापरावी. पाणी, कापूस, चमचाही ज्याचा त्याचा असावा.
- ओएसटीत देखरेखीखाली मिळणारे ब्युप्रेनॉर्फिन नियमित घ्यावे. हेरॉइनची ओढ आणि अंगदुखी त्याने आटोक्यात राहते.
- सरकारी रुग्णालयात एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासून घ्यावे. हिपॅटायटिस सी औषधांनी बरा होतो. बी साठी लस आहे.
- श्वास मंद, ओठ निळे, हाक मारूनही जाग नाही, असे दिसताच १०८ ला फोन करावा. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवावे. थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यावा. काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगावे.
- वापरलेली सुई जाड, झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत टाकून केंद्रात परत द्यावी.

काय टाळावे

- ‘आधी सोड, मग बोलू’ अशी अट घालू नये. कोंडून ठेवणे, मारझोड हा उपचार नव्हे.
- एकट्याने नशा करू नये. त्यावर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत, श्वास थांबतो.
- तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून परतल्यावर जुना डोस घेऊ नये. शरीराची सहनशक्ती घटलेली असते. तोच डोस जीव घेतो.
- ओएसटीची गोळी विरघळवून टोचू नये आणि मनाने अचानक बंद करू नये.
- सुया कन्हान नदीत, नालीत किंवा कचऱ्यात फेकू नयेत; सफाई कामगाराच्या हातात घुसतात. टोचलीच तर जखम पिळू किंवा चोखू नये, साबण-पाण्याने धुवावी आणि लगेच रुग्णालय गाठावे. एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात.
- संमतीशिवाय एचआयव्ही चाचणी करू नये, निकाल कुणाला सांगू नये. कायदा दोन्हींना मनाई करतो.
- पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नये. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पूर्ण करणाऱ्याला अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ नुसार खटल्यापासून सूट मिळू शकते.

घरात असा कुणी असेल तर आज रागावण्याआधी १०९७ लावा. जिवंत राहिला, तरच नशा सोडायची संधी त्याला मिळेल.