मोठा अल्टरनेटर, मोठी ठिणगी?

प्रश्न : रॅलीसाठी तयार केलेल्या जुन्या जिप्सीला जास्त अँपिअरचा अल्टरनेटर लावला तर ठिणगी जोरकस होईल का? (एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर : नुसत्या त्याने नाही. अल्टरनेटर ६० अँपिअरचा असो वा ९०चा, रेग्युलेटर व्होल्टेज १४च्या आसपासच धरून ठेवतो आणि इग्निशन कॉइल स्वतःपुरताच प्रवाह ओढते.

जादा दिवे, पंखा, इंधनपंप एकदम चालू केल्यावर व्होल्टेज १२.५पर्यंत घसरत असेल, तर मात्र बदल हवाच. कमी व्होल्टेजवर वरच्या आरपीएमला कॉइल पुरती भरत नाही.

आधी मल्टिमीटर लावावा, तोही इंजिन चालू ठेवून थेट कॉइलपाशी. बॅटरीपेक्षा तिथे अर्धा व्होल्ट कमी दिसला, तर संशय गंजलेल्या अर्थिंगवर किंवा बारीक वायरीवर घ्यावा. प्लगची गॅपही बघावी.