खोटी हाक, खरी हाक

एस. टी.च्या गाडीत तुम्ही उभे आहात आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, तर तुम्ही पुढे फेकले जाता. हे जडत्व तुम्हाला पुस्तकातून ठाऊक आहेच. त्याच जडत्वावर चालणारे एक लहानसे यंत्र छोट्या विमानांच्या शेपटीकडे बसवलेले असते. त्याला एमर्जन्सी लोकेटर ट्रान्समीटर म्हणतात. म्हणजे अपघात झाल्यावर आपला ठावठिकाणा आपणच कळवणारा रेडिओ.

त्याची गरज किती होती पाहा. १६ ऑक्टोबर १९७२ रोजी अमेरिकन संसदेच्या दोन सदस्यांना नेणारे सेस्ना विमान अलास्कात नाहीसे झाले. ३९ दिवस शोध चालला. विमान आजतागायत सापडलेले नाही. त्याच दशकात अमेरिकेतील बहुतेक छोट्या विमानांत हा रेडिओ सक्तीचा झाला.

आता त्याची कळ पाहू. एका नळीत स्प्रिंगने रोखून धरलेली धातूची गोळी असते. विमान आदळून एकाएकी थांबले, की गोळी स्प्रिंग दाबून पुढे सरकते, विद्युतमंडल पूर्ण होते आणि १२१.५ मेगाहर्ट्झवर एक उतरता सूर सुरू होतो. वैमानिक बेशुद्ध असला तरी अडत नाही.

पण विमान धावपट्टीवर जरा जोरात टेकले किंवा दुरुस्ती करताना यंत्र हातातून पडले, तरी गोळीला ते सारखेच! स्प्रिंग सैल ठेवावी तर खोट्या हाका वाढतात. घट्ट करावी तर खऱ्या अपघातात गोळी हलायची नाही. विमान हँगरमध्ये कुलपात, मालक घरी आणि रेडिओ ओरडतोच आहे, असे कितीदा तरी घडले. शंभर हाकांत नव्वदांहून अधिक खोट्या निघत. शिवाय त्या सुरावरून विमान कोणते हे कळत नसे. शोधपथकाला दिशादर्शक अँटेना घेऊन विमानांच्या रांगांतून हिंडावे लागे. तेवढ्यात डोंगरात खरेच कोणी पडले असेल, तर त्याची क्षीण हाक याच गोंगाटाखाली दबायची.

तोडगा निघाला तो कळीत नव्हे, संदेशात. नवे यंत्र ४०६ मेगाहर्ट्झवर दर ५० सेकंदांनी सुमारे अर्धा सेकंद संदेश पाठवते आणि त्यात स्वतःचा क्रमांक सांगते. उपग्रह तो टिपतात. भारतात हे काम इस्रोच्या बंगळूरु येथील केंद्रातून चालते. क्रमांकावरून मालकाला फोन जातो. ‘विमान हँगरमध्येच आहे,’ असे तो म्हणाला की पुष्कळ धावपळ वाचते. अर्थात मालकाने नोंदणीच केली नसेल, तर क्रमांक असून नसल्यासारखा.

१ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी १२१.५ ऐकणे थांबवले. जवळ पोचलेल्या शोधपथकाला वाट दाखवण्यासाठी नवी यंत्रेही तो सूर काढतात. म्हणून काळजी घेणारा वैमानिक इंजिन बंद करण्याआधी आपला रेडिओ १२१.५ वर लावून क्षणभर ऐकतो. सूर आला तर कळ बंद करतो आणि नियंत्रण कक्षाला तसे कळवतो. कारण सूर नुसता थांबला, तर विमान सुखरूप आहे की यंत्राची बॅटरी संपली, हे शोधणाऱ्यांना कळायला मार्ग नसतो.