एक कादंबरी आणि तिचे वाचक



'मत' हा शब्द पाहिला की तुम्हांला काय आठवते? उर्दूत 'मत जाओ' म्हणजे 'जाऊ नकोस'. मराठीत मात्र 'मत' म्हणजे राय. उर्दूतले 'मत' थांबवते, तर मराठीतले 'मत' बोलायला लावते. या पाठात आपल्याला मराठीतल्या 'मता'विषयी विचार करायचा आहे. कादंबरी वाचल्यावर आपले मत कसे बनते? ते मांडताना कशाचा आधार घ्यावा? एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीच्या निमित्ताने आपण हे पाहू.

कादंबरीचे नाव 'द टॅलिस्मन'. हा इंग्रजी शब्द अरबीतून आला आहे. तुमच्या उर्दूतला 'तिलिस्म' तो हाच. कादंबरीत मात्र त्याचा अर्थ तावीज असा आहे. लेखक सर वॉल्टर स्कॉट (१७७१–१८३२) हे स्कॉटलंडचे. त्यांनी ही कादंबरी १८२५ साली प्रसिद्ध केली. तिची पार्श्वभूमी तिसऱ्या धर्मयुद्धाची, म्हणजे तिसऱ्या सलीबी जंगची आहे. हे युद्ध ११८९ ते ११९२ या काळात झाले. एका बाजूला सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी आणि दुसऱ्या बाजूला इंग्लंडचा राजा रिचर्ड.

गोष्ट थोडक्यात सांगतो. सर केनेथ नावाचा एक गरीब स्कॉटिश सरदार मृत समुद्राजवळच्या वाळवंटातून एकटाच चाललेला असतो. समोरून एक मुसलमान घोडेस्वार येतो. दोघांची झुंज होते, कोणीच हरत नाही. मग दोघे तह करतात आणि एका झऱ्याकाठी बसून आपापली शिदोरी सोडतात. तिकडे छावणीत राजा रिचर्ड तापाने फणफणलेला असतो. सलाहुद्दीन त्याच्याकडे एक हकीम पाठवतो. हकीम आपला तावीज पाण्यात बुडवून ते पाणी राजाला पाजतो आणि राजा बरा होतो. पुढे केनेथवर रात्री इंग्लंडच्या झेंड्याची राखण करण्याची कामगिरी येते. राणीच्या एका थट्टेमुळे तो जागा सोडून जातो. तेवढ्यात झेंडा चोरीला जातो आणि त्याचा इमानी कुत्रा रॉसवाल जखमी होतो. राजा केनेथला देहदंड सुनावतो. हकीम रदबदली करून त्याचा जीव वाचवतो. केनेथ वेष पालटून परत येतो. सर्वांच्या देखत रॉसवाल खऱ्या चोरावर झेप घेतो. शेवटी कळते, की तो वाळवंटातला घोडेस्वार आणि तो हकीम ही दोन माणसे नव्हतीच. दोन्ही वेळा तो स्वतः सलाहुद्दीनच होता!

गेल्या काही वर्षांत मी नववीच्या वर्गाला ही गोष्ट तीन-चार तासांत सांगत आलो आहे. मधली काही पाने वाचून त्यांचा अर्थही सांगतो. मग मुलांना वहीत आपले मत लिहायला सांगतो. पहिल्या वर्षी चाळीसपैकी तीसेक वह्यांत एकच वाक्य होते : 'कादंबरी खूप छान आहे.' एकाने लिहिले होते : 'मला फक्त कुत्रा आवडला.' खरे सांगायचे तर मला हे मत बाकीच्या तिसांपेक्षा बरे वाटले. निदान त्याने कादंबरीतल्या एका गोष्टीवर बोट ठेवले होते.

आणखी एका मुलाची वही वेगळी होती. त्यात रागाने लिहिले होते, 'हा लेखक आमचा दुश्मन आहे. हे पुस्तक शाळेत वाचू नये.' मी त्याला वर्गात उभे केले नाही. मधल्या सुट्टीत जवळ बोलावून एवढेच विचारले, "कोणत्या पानावर तुला असे वाटले?" त्याला सांगता येईना. "बघून सांगतो, सर," म्हणाला. मी पुस्तक त्याच्या हाती दिले.

त्या मुलाला ठाऊक नव्हते, की त्याच्या आधी शंभराहून अधिक वर्षे एका मोठ्या वाचकाला याच पुस्तकाचा असाच राग आला होता. ते म्हणजे लखनौचे मौलवी अब्दुल हलीम 'शरर' (१८६०–१९२६). त्यांचे नाव तुमच्या उर्दूच्या पुस्तकांत तुम्ही वाचले असेल. असे सांगतात, की रेल्वेच्या प्रवासात त्यांनी 'द टॅलिस्मन' वाचली. मुसलमानांचे त्यातले चित्रण त्यांना मुळीच रुचले नाही. पण नुसती नावे ठेवून ते गप्प बसले नाहीत. १८८७ मध्ये त्यांनी 'दिलगुदाज' हे मासिक सुरू केले होते. त्यातून त्यांनी १८८८ साली 'मलिकुल अजीज वर्जिना' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. काळ तोच, युद्ध तेच, पण नायक सलाहुद्दीनचा मुलगा. उर्दूतली ऐतिहासिक कादंबरी येथून सुरू झाली असे मानतात. एका वाचकाच्या नापसंतीतून उर्दूला एक नवा साहित्यप्रकार मिळाला, हे लक्षात घ्या. (मराठीत ऐतिहासिक कादंबरी त्याआधीच आली होती. रा. भि. गुंजीकर यांची 'मोचनगड' १८७१ सालची.)

पण मग प्रश्न येतो. स्कॉट यांनी तर सलाहुद्दीनला उदार, शूर आणि बुद्धिमान रंगवले आहे. रिचर्ड उतावळा आणि रागीट आहे, सुलतान शांत आहे. युरोपच्या वाचकांत सलाहुद्दीनचे नाव लोकप्रिय करण्यात या कादंबरीचा मोठा वाटा आहे. मग शरर यांना राग का यावा?

चार दिवसांनी तो मुलगा पुस्तक घेऊन आला. आत कागदाचा तुकडा खुणेसाठी घातला होता. त्याने पान उघडले. वाळवंटातला तो घोडेस्वार तेथे आपल्या वंशाची कथा सांगतो. आपले पूर्वज जिन्नांपासून झाले, असे तो अभिमानाने म्हणतो आणि मग चक्क अहिरमनचे स्तोत्र गातो! अहिरमन ही प्राचीन इराणी धर्मातली दुष्ट शक्ती. "सर, सुलतान सलाहुद्दीन अहिरमनचे गाणे कशाला गाईल?" मुलाचा आवाज अजून चढलेलाच होता, पण आता त्याच्या हाती पुरावा होता. मी त्याला वहीतले वाक्य खोडायला सांगितले नाही. त्याच्याखाली हे लिही, एवढेच म्हणालो.

ही चूक कशी झाली याचे उत्तर स्कॉट यांनीच देऊन ठेवले आहे. १८३२ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत ते मोकळेपणाने सांगतात, की पूर्वेकडच्या देशांची आपल्याला जवळजवळ काहीच माहिती नव्हती. होती ती लहानपणी वाचलेल्या 'अलिफ लैला'ची आठवण. त्याच प्रस्तावनेत आणखी एक विचार आहे. रिचर्डने पूर्वेकडच्या सुलतानासारखा क्रूरपणा दाखवला आणि सलाहुद्दीनने युरोपच्या राजासारखे शहाणपण दाखवले, अशा अर्थाचे ते लिहितात.

हे मी वर्गात वाचून दाखवले तेव्हा मुले खूश झाली. आपल्या सुलतानाची स्तुती झाली होती ना! मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र उठून म्हणाली, "सर, सुलतानाचे शहाणपण त्याचे स्वतःचे का नाही? ते युरोपचे कशाला? आणि रिचर्डचा क्रूरपणा आमच्या खात्यावर का?" वर्ग एकदम गप्प झाला. पुस्तक अनेकदा वाचूनही हा प्रश्न मला सुचला नव्हता. स्तुतीतही मन दुखावणारी गोष्ट लपलेली असू शकते. शरर यांचा राग तेव्हा मला थोडासा कळला.

आता इतिहासाकडे वळू. उर्दूत 'तारीख' म्हणजे इतिहासही आणि दिनांकही. मराठीत तारीख म्हणजे फक्त दिनांक. ऐतिहासिक कादंबरी वाचताना मात्र दोन्ही अर्थ जवळ ठेवावेत. माझीच फजिती सांगतो. या कादंबरीत एक प्रसिद्ध प्रसंग आहे. रिचर्ड आपल्या जड तलवारीच्या एका घावात पोलादी दांडा तोडतो. सलाहुद्दीन आपल्या पातळ तलवारीने मऊ उशी अलगद कापतो आणि हवेतल्या तलम वस्त्राचे दोन तुकडे करतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हा प्रसंग इतिहास म्हणून सांगितला. एका मुलाने विचारले, "सर, ते दोघे कोणत्या साली भेटले?" घरी जाऊन पुस्तके चाळली. ते दोघे आयुष्यात कधी समोरासमोर भेटलेच नव्हते! दूत जात-येत होते, एवढेच. दुसऱ्या दिवशी मी वर्गात चूक कबूल केली.

हकिमाची गोष्टही कल्पित आहे, पण तिच्यामागे सत्याचा एक धागा आहे. ११९२ साली रिचर्ड खरोखरच आजारी पडला. त्याने फळे आणि बर्फ मागितला आणि सलाहुद्दीनने तो पाठवला. सुलतानाच्या पदरी असलेल्या बहाउद्दीन इब्न शद्दाद यांनी हे लिहून ठेवले आहे. त्यांनी आणखीही लिहिले आहे, की या जाण्या-येण्यातून शत्रूची बातमी काढण्याचा सुलतानाचा हेतू होता. म्हणजे औदार्य होते आणि राजकारणही होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तह झाला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये सलाहुद्दीनचे दमास्कसला निधन झाले.

रिचर्डने ११९१ मध्ये अक्का येथे सुमारे २,७०० कैद्यांची कत्तल केली, हे सांगताना माझा आवाज मोठा होतो. पण हित्तीनच्या लढाईनंतर ११८७ मध्ये सलाहुद्दीननेही टेंपलर आणि हॉस्पिटलर या पंथांच्या कैदी योद्ध्यांना ठार करवले होते. हेही मला तेवढ्याच आवाजात सांगावे लागते. ते जड जाते.

लेखक आणि वाचक यांचा एक जुना वाद येथे सांगतो. कादंबरीत एडिथ नावाची रिचर्डची एक नातलग आहे. ती स्कॉट यांनी कल्पनेने निर्माण केली. चार्ल्स मिल्स या इतिहासकारांनी त्याला हरकत घेतली. कादंबरीकाराला पात्रे निर्माण करण्याचा हक्क असतोच, असे उत्तर स्कॉट यांनी दिले. माझ्या मते स्कॉट बरोबर होते. नवे पात्र घालणे वेगळे आणि खऱ्या माणसाच्या तोंडी त्याच्या श्रद्धेविरुद्धचे गाणे घालणे वेगळे. तुमचे मत निराळे असू शकते.

शेवटच्या तासाला त्या रागावलेल्या मुलाने शरर यांची कादंबरी वाचनालयातून आणली होती. "सर, ही बघा! यात आपली माणसे किती शूर आणि नेक आहेत," तो म्हणाला. मी पुस्तक हातात घेतले आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलीकडे पाहिले. ती हळूच म्हणाली, "एखाद्या ख्रिस्ती मुलीने ही वाचली तर ती वहीत काय लिहील?"

मुलगा काही बोलला नाही. त्याने पुस्तक परत घेतले, खिशातून तो कागदाचा तुकडा काढला आणि पहिल्या पानापासून वाचायला बसला.

स्वाध्याय

१. वहीतल्या 'छान आहे' या मतापेक्षा कुत्र्याविषयीचे मत शिक्षकांना बरे का वाटले?
२. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलेला प्रश्न तुमच्या शब्दांत लिहा.
३. स्कॉट आणि मिल्स यांच्या वादात तुम्ही कोणाच्या बाजूने आहात? कारण द्या.
४. उर्दूत आणि मराठीत वेगळे अर्थ असलेले दोन शब्द या पाठात आले आहेत. असे आणखी तीन शब्द शोधा.
५. तुम्हांला न आवडलेल्या एखाद्या पुस्तकाविषयी दहा ओळी लिहा. पानाचा क्रमांक द्यायला विसरू नका.