ओ. के. कोरलची चकमक : तथ्यप्रमाद आणि कथनाची गरज

अॅरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या पंचविसाव्या प्रकरणात कवीच्या प्रमादांचे दोन वर्ग केले आहेत : कलेच्या गाभ्याशी निगडित आणि आनुषंगिक. हरिणीला शिंगे नसतात हे चित्रकाराला ठाऊक नसणे हा दोष, तिचे चित्र ओळखू न येण्याजोगे काढण्याच्या दोषापेक्षा लहान होय. ऐतिहासिक घटनेवरील कलाकृतीची चिकित्सा करताना हा भेद उपयुक्त ठरतो. मात्र जेथे तथ्याची चूक हीच कथानकाची आधारशिला बनते, तेथे तो अपुरा पडतो. अमेरिकी ‘वेस्टर्न’ चित्रपटांनी वारंवार हाताळलेली ओ. के. कोरलची चकमक हे याचे उत्तम उदाहरण आहे.

२६ ऑक्टोबर १८८१ रोजी अॅरिझोना प्रदेशातील टूमस्टोन या खाणनगरीत ही चकमक झाली. शहरात शस्त्र बाळगून फिरण्यास नगरनियमाने बंदी होती. तिच्या अंमलबजावणीसाठी शहराचे मार्शल व्हर्जिल अर्प हे आपले भाऊ वायट व मॉर्गन आणि डॉक हॉलिडे यांच्यासह निघाले. सुमारे तीस सेकंदांत जवळजवळ तीस गोळ्या झाडल्या गेल्या. बिली क्लँटन आणि टॉम व फ्रँक मॅक्लॉरी हे तिघे मारले गेले. आइक क्लँटन व बिली क्लेबोर्न पळून गेले. घटनास्थळ ओ. के. कोरल हा घोड्यांचा तबेला नव्हताच. त्याच्या पिछाडीपासून काही अंतरावर, फ्रेमॉन्ट रस्त्यालगतच्या अरुंद मोकळ्या जागेत हे घडले. म्हणजे घटनेच्या रूढ नावातच पहिला प्रमाद आहे.

या घटनेला चित्रपटीय रूप देण्यात स्टुअर्ट लेक यांच्या १९३१ मधील वायटचरित्राचा मोठा वाटा आहे. त्यात वायटच्या तोंडी घातलेली अनेक वचने लेखकाने स्वतः रचलेली होती, हे पुढील संशोधनाने दाखवून दिले. व्हर्जिल मागे सरला आणि वायट नायक झाला तो या परंपरेत.

जॉन फोर्ड यांच्या ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’मध्ये (१९४६) डॉक हॉलिडे शल्यचिकित्सक आहे आणि तो चकमकीत मरतो. वास्तवात तो दंतवैद्य होता व १८८७ मध्ये क्षयाने वारला. चकमकीपूर्वीच, ऑगस्ट १८८१ मध्ये, मृत झालेला वृद्ध क्लँटन येथे प्रमुख खलपुरुष आहे. टूमस्टोन अॅरिझोनाच्या आग्नेय भागात असूनही पार्श्वभूमीला उत्तर सीमेवरील मॉन्युमेंट व्हॅलीचे सुळके दिसतात. यांपैकी स्थळविषयक चूक आनुषंगिक मानता येईल. परंतु धाकटा भाऊ जेम्स याची हत्या हा प्रकार वेगळा आहे. जेम्स वायटपेक्षा वयाने मोठा होता आणि १९२६ पर्यंत जगला. तरीही जॉन स्टर्जेस यांच्या ‘गनफाइट अॅट द ओ. के. कोरल’मध्येही (१९५७) धाकट्या भावाची हीच हत्या चकमकीचे कारण ठरते.

एकच चूक दोन स्वतंत्र कथानकांत पुन्हा येते, तेव्हा तिचे मूळ अज्ञानात नव्हे, तर कथनाच्या गरजेत शोधावे लागते. इतिहासात रक्तपाताचा क्रम उलट आहे. २८ डिसेंबर १८८१ रोजी व्हर्जिलवर दबा धरून गोळीबार झाला; १८ मार्च १८८२ रोजी मॉर्गन मारला गेला; त्यानंतर वायट सूडाला प्रवृत्त झाला. बंधुहत्या चकमकीनंतरची असताना चित्रपट ती आधी आणतात. परिणामी शस्त्रबंदीच्या अंमलबजावणीतून उद्भवलेला, वैमनस्याने चिघळलेला नागरी संघर्ष न्याय्य सूडाची कथा बनतो. ‘टूमस्टोन’ (१९९३) शस्त्रबंदीला स्थान देतो. मात्र तोही व्हर्जिल व मॉर्गन यांच्यावरील हल्ले एकाच रात्री घडवतो. स्टर्जेस यांचाच ‘अवर ऑफ द गन’ (१९६७) प्रारंभीच सत्यतेची ग्वाही देतो आणि शेवटी वायटच्या हातून आइकला मारतो. प्रत्यक्षात आइक १८८७ मध्ये कायदारक्षकाच्या गोळीने मेला. ग्वाही दिल्यामुळे प्रमाद अधिक गंभीर होतो, कारण तेथे वाचक-प्रेक्षकाशी केलेला करारच मोडतो.

याहून मूलगामी प्रश्न संशयाचा आहे. चकमकीनंतर न्यायदंडाधिकारी वेल्स स्पायसर यांच्यासमोर सुमारे महिनाभर चौकशी चालली. प्रतिस्पर्ध्यांनी हात वर केले होते की नाही, टॉम मॅक्लॉरी सशस्त्र होता की नाही, याविषयी साक्षी परस्परविरोधी होत्या. वायट व हॉलिडे यांना मदतीस घेण्यात व्हर्जिलने अविवेक केला, असे नोंदवूनही स्पायसर यांनी खटला चालवण्याइतका पुरावा नसल्याचा निर्णय दिला. दस्तऐवजाने जपलेली ही अनिश्चितता कॅमेऱ्याच्या सर्वसाक्षी दृष्टीत लोप पावते. पहिली गोळी कोणी झाडली, हे पडद्यावर कोणाला तरी झाडून दाखवावेच लागते.

तात्पर्य, तथ्यप्रमादांची केवळ यादी करणे हे समीक्षेचे कार्य नव्हे. कोणता प्रमाद कार्यकारणभाव बदलतो, कोणता संशय पुसून निश्चिती लादतो, हे तपासणे हे तिचे कार्य आहे. ऐतिहासिक कादंबरीच्या अध्यापनातही हीच कसोटी लावता येईल : सनावळीतील चूक दुरुस्त करून कथानक टिकते का? टिकत असेल तर प्रमाद आनुषंगिक. ढासळत असेल तर कलाकृतीचा अर्थच त्या प्रमादावर उभा आहे, असे मानावे लागेल.