मस्तिष्कस्तंभाची इजा आणि जिभेची सूज

मेंदूचा जो भाग खाली मज्जारज्जूशी जोडलेला असतो, त्यास मस्तिष्कस्तंभ म्हणतात. मध्यमस्तिष्क, सेतू व लंबमज्जा हे त्याचे तीन विभाग होत. श्वसनाचे नियमन मुख्यतः लंबमज्जा व सेतू यांतून होते. जिभेचे बहुतेक सर्व स्नायू हालविणारी बारावी मस्तिष्क-तंत्रिकाही लंबमज्जेतूनच निघते.

अपघाताने, रक्तस्रावाने वा शस्त्रक्रियेत या भागास इजा झाली असता क्वचित रुग्णाची जीभ सुजून तोंडात मावेनाशी होते. याचे कारण एकच नसते. बेशुद्ध रुग्णाचे जबडे आवळले जातात व जीभ दातांत चेंगरते. तिच्यातील रक्त परत नेणाऱ्या शिरा दाबल्या गेल्या म्हणजे ऊतकांत द्रव साचतो; जीभ फुगते आणि फुगलेली जीभ दातांत अधिकच सापडते. असे हे दुष्टचक्र आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी मान दीर्घकाळ पुढे वाकलेली राहिल्यास, किंवा तोंडातून घातलेल्या श्वासनळीचा दाब पडल्यासही शिरांतील प्रवाह अडतो.

खरा धोका श्वासमार्ग बंद होण्याचा असतो. म्हणून दातांमध्ये आधार ठेवून जीभ मोकळी करतात, ती ओलसर राखतात, डोके उंच व मान सरळ ठेवतात. तेवढ्याने न भागल्यास गळ्यास छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवितात. चेंगरणे थांबले की सूज बहुधा हळूहळू ओसरते. अशा रुग्णाचे तोंड वारंवार पाहणे, ही परिचारिकेची साधी दक्षता त्याचे प्राण वाचवू शकते.